सासूचा गुडघा

औषधाच्या दुकानातल्या बाईनं माझ्या हातावर हात ठेवला, तेव्हाच मला कळलं की शनिवारची कुस्ती बोंबलणार. सोमवार होता, सकाळचे दहा वाजले होते आणि मी गुडघ्याला चोळायच्या मलमाच्या दोन ट्यूब मागितल्या होत्या. ही बाई मला सात-आठ वर्षं ओळखते, म्हणजे तिरस्कारानं ओळखते. माझी पिशवी काउंटरवर आपटते, माझ्यामागं उभ्या असलेल्या माणसाला आधी विचारते. एकदा तर तिनं मला तोंडावर सांगितलं होतं की तुमच्यामुळे माझा मुलगा टीव्हीवर चप्पल फेकायला शिकला. त्या दिवशी मी तरंगत घरी गेले होते. आणि आज तिनं ट्यूब नीट कागदी पिशवीत घातल्या, पिशवीचं तोंड दुमडलं, आपला उबदार हात माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "आता पुरे करा हो, ताई. त्या पोरीला काही दयामाया आहे का? तुमचं वय काय, ती करते काय!" मी खेकसायला हवं होतं. माझ्याकडे खेकसण्याचे निदान सहा प्रकार तयार असतात. पण तोंडातून "बघू" एवढंच निघालं, आणि खरं सांगायचं तर हात मी लगेच काढून घेतला नाही.

मी सासू. कुणा एकाची नाही, अख्ख्या शहराची. कुस्तीच्या कंपनीत हे नाव मला मिळालं तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते आणि लग्नाचा विचार नुकताच कायमचा सोडून दिला होता. तेव्हाच्या मालकांना माझी डावी भुवई आवडली. "ही अशी बघते ना, की मला माझ्या सासूबाई आठवतात," असं ते म्हणाले आणि माझं ठरून गेलं. आमच्या कुस्तीत कोण जिंकणार हे आधी ठरलेलं असतं. हे आम्हाला ठाऊक असतं, लोकांना ठाऊक असतं, त्यांना ठाऊक आहे हे आम्हाला ठाऊक असतं, आणि तरी दर शनिवारी हॉल भरतो, कारण निकाल ठरलेला असला तरी पाठ खरीच आपटते. माझं काम पडायचं. पण नुसतं पडून भागत नाही. आधी लोकांच्या पोटात इतका राग साठवायचा, की माझं पडणं ही त्यांची गरज होऊन बसली पाहिजे. पंचाची पाठ वळली की केस ओढायचे, पंच वळला की हात जोडायचे, गुडघे टेकून माफी मागायची आणि समोरची विरघळली की तिच्या पोटात लाथ घालायची. अठरा वर्षं मी हे केलं आणि मला ते फार सुरेख जमतं. यात लाजण्यासारखं काही नाही. सुताराला चांगली खुर्ची करता येते, तशी मला चीड आणता येते.

कंपनीला दर चार-पाच वर्षांनी नवी स्टार लागते, जिचा चेहरा पोस्टरवर मधोमध छापता येईल आणि जिच्यासाठी लोक आठवडाभर आधी तिकीट काढतील. ती कशी घडते हे जुन्या मालकांना कळायचं. त्यांच्या मुलाला, म्हणजे आताच्या मालकांना, अजून कळायचंय. त्यांना वाटतं उंच, देखणी मुलगी आणायची, तिच्यावर दिवे सोडायचे, ओळीनं वीस कुस्त्या जिंकवायच्या, की झालं. पी हळद अन् हो गोरी. तशी एक आणलीही होती त्यांनी. खांदे असे, की दारातून तिरकी आत यायची. पाच महिने ती जिंकत राहिली आणि तिची कुस्ती लागली की लोक चहा प्यायला उठायचे. जिंकणाऱ्याकडे कोण बघतं? लोक बघतात ते मार खाऊन उठणाऱ्याकडे, आणि उठायचं तर आधी कुणीतरी नीट पाडावं लागतं. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात, तर आमच्या कंपनीतली टाकी मी. माझ्या हाताखालून दोघी मोठ्या झाल्या. एक आता गाद्यांच्या जाहिरातीत झोपते, दुसरीनं कंपनी बदलली आणि मुलाखतीत गुरू म्हणून भलत्याच माणसाचं नाव घेतलं. चालायचंच. टाकीचे आभार कुठली मूर्ती मानते?

तिसरी म्हणजे ही पोरगी. तालमीत आली तेव्हा ती पार्सलं पोचवण्याचं काम करायची. लिफ्ट बंद असलेल्या इमारतींत पाचव्या मजल्यावर लोकांची कपाटं खांद्यावरून चढवलेली, त्यामुळे पाय खांबासारखे आणि तोंडात सदा "सही करा" असा भाव. पहिल्या दिवशी मी तिला सात वेळा आपटलं. सातही वेळा ती चुकीची पडली, आणि सातही वेळा एक हात मांडीवर दाबून, खांद्यानं तोंड पुसत, पुढच्या घरी पोचायला उशीर होतोय अशा चेहऱ्यानं उठली. मी तिथंच हेरलं. बाकी सगळं शिकवता येतं, उठणं शिकवता येत नाही. मालकांनी तिला आधी 'ज्वाला' केलं, मग 'वादळ' केलं, आणि दोन्ही नावं हॉलमध्ये जाऊन मेली. मग एका लहानशा गावात, अर्ध्या रिकाम्या हॉलमध्ये, माझा पाय तिच्या मानेवर असताना मागच्या रांगेतून एका बाईचा घोगरा आवाज आला, "ऊठ गं पोरी!" मी पाय काढणार होते, पण काढला नाही. अजून दहा सेकंद तसाच ठेवला. आवाजाला आवाज मिळाले, मग बाकं वाजायला लागली, आणि मी पाय उचलला तेव्हा ती सबंध गावाची पोरगी झालेली होती. नाव आम्ही देत नसतो, हॉल देतो. आम्ही नुसती पाटी रंगवतो.

मग चूक कुठं झाली? ती मी केली, आणि असली चूक आमच्याच धंद्यातलं माणूस करू जाणे. तीन महिन्यांपूर्वी दुधाची पिशवी घेऊन जिना उतरताना माझा उजवा गुडघा खरोखरीचा गेला. रिंगमध्ये नाही, दोरावरून नाही, स्वतःच्या इमारतीच्या तिसऱ्या पायरीवर. डॉक्टरांनी पोलादी पट्ट्यांची नी-कॅप दिली. कंपनीचा लेखक, जो कुस्त्यांची कथा जुळवतो, ती नी-कॅप बघून हरखला. पोरगीला याच गुडघ्यावर डाव देऊ म्हणाला. मीही हो म्हणाले, कारण लंगडण्याचं नाटक करायचे कष्ट वाचत होते. आळस नडला. आमच्याकडे खोटं दुखणं हे भांडवल आणि खरं दुखणं हे गुपित. मी गुपितच भांडवलात घातलं. दर शनिवारी पोरगी तो पाय पिरगाळायची, म्हणजे पिरगाळल्यासारखं करायची, आणि मी ओरडायचे. आमचं खोटं लोक मनापासून खरं मानतात, त्यांना ते आवडतं. पण खरं समोर आलं की त्यांना खेळ खेळता येत नाही. त्यांना वास येतो. औषधाची पिशवी हातात घेऊन घरी येता येता मला मागचे चार शनिवार लख्ख दिसायला लागले. हुर्यो पातळ झाली होती. मी उठले की कुणीतरी टाळी वाजवत होतं आणि ती पोरगीला आहे असं मी समजत होते. मागच्या खेपेला तर एका बाईनं पुठ्ठ्यावर 'सासूबाई, जपा' असं लिहून आणलं होतं, आणि मला वाटलं ती चेष्टा आहे.

मंगळवारी लेखकाच्या खोलीत गेले. या माणसाला जन्मात कुणी आपटलेलं नाही, उंटावरून शेळ्या हाकतो, पण माणूस प्रेमळ. भिंतीवर शनिवारचं पोस्टर होतं, 'चार दिवस सासूचे', आणि खाली पोरगीचा चेहरा. तिला 'सून' म्हणायचं त्याच्या फार मनात होतं, मी हाणून पाडलं होतं.

"गुडघ्याचा डाव काढा," मी म्हणाले.

"ताई, सगळी कथा त्यावर उभी आहे. आणि बिघडलं काय? लोक हळहळताहेत."

"माझ्यासाठी हळहळताहेत."

"मग हळहळू द्या की. शेवटची कुस्ती आहे तुमची. सोमवारपासून तुम्ही फक्त शिकवणार. अठरा वर्षं शिव्या खाल्ल्यात, एक दिवस टाळ्या खाल्ल्यात तर पोट बिघडणार आहे का?"

"माझं नाही, तिचं बिघडेल. शनिवारी ती एका लंगड्या म्हातारीचा पाय मुरगळून किताब घेणार. असल्या बाईला रविवारी कोण विचारतंय?"

"तुम्ही म्हातारी कुठं आहात?"

"तीन महिने तेच तर तुम्ही लोकांना सांगताय."

 तो पेनाचं टोपण काढत-घालत म्हणाला की मालकांनी फुलं मागवलीत, कुस्ती संपली की हॉल उभा राहणार, मला गुच्छ देणार, पोरगी वाकून नमस्कार करणार, आता कागदावर काही बदलणं त्याच्या हातात नाही. मी दाराशी पोचले तेव्हा मान वर न करता बोलला, "रिंगमध्ये कोण सांगतं नि कोण ऐकतं, हे मला कशाला विचारता?" ते मात्र खरं होतं. आमच्यात जुनी रीत आहे: पडणारा सांगतो, पाडणारा ऐकतो. कुशीत मुंडी दाबलेली असते तेव्हा पडणारा कानात पुढचं बोलतो, कारण ज्याची पाठ आपटणार शब्द त्याचा. शनिवारी पडणार मी होते.

म्हणजे बदलणं माझ्याच हातात होतं, आणि नेमकं तेच मला नको होतं. कागदावर बदललं असतं तर मला काही निवडावं लागलं नसतं. जिने चढताना, दात घासताना, बसमध्ये खिडकीशी, तो उबदार हात माझ्या हातावर यायचा. चांगलं वाटलं होतं ना? वाटलं होतं. मग कशाला उगाच शूर व्हायचं? आणि त्यात ताई. माझी थोरली बहीण. आम्ही दोघीच राहतो. ती शिवणकाम करते, माझा रिंगमधला काळा झगा तीच शिवते, खांदे उसवले की तीच टाके घालते, पण हॉलमध्ये ती एकदाच आली होती, पहिल्या वर्षी. तीन हजार माणसं आपल्या धाकट्या बहिणीला काय काय म्हणताहेत ते तिनं ऐकलं आणि बाहेर पायऱ्यांवर जाऊन ओकली. ज्या बाईनं आयुष्यात कुणाच्या अरेला कारे केलं नाही, तिला हे कसं सोसावं? तेव्हापासून घरात शनिवारचा विषय निघत नाही. ती झगा इस्त्री करून दाराला टांगते, मी घेऊन जाते.

त्या संध्याकाळी ती माझा गुडघा शेकत होती. शेकायची पिशवी फडक्यात गुंडाळत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "शनिवारी मी येतेय."

"कुठं?"

"कुठं म्हणजे? तुझ्याकडे. शेवटचं आहे ना." मग फडक्याची गाठ मारत, "भाजीवाला आज म्हणाला, बहिणीचा पाय कसा आहे? अठरा वर्षांत पहिल्यांदा कुणी तुझी चौकशी केली बघ. नाहीतर मला बघून गप्प होतात. आता लोक बरं बोलतात तुझ्याबद्दल. आता मला बघवेल." तिनं पिशवी गुडघ्यावर दाबली. मला सांगायचं होतं की ताई, लोक बरं बोलतात हेच तर वाईट झालंय. पण तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्यापुढे हे वाक्य फार हुशार वाटलं. मी म्हणाले, "ये. तिसऱ्या रांगेत बसवते."

शुक्रवारी तालमीत दार लावून आम्ही शेवटचा सराव केला. बाहेर आम्ही दोघी तीन महिने एकमेकींशी बोललेलो नाही, कारण ज्यांचं वैर पोस्टरवर आहे त्यांनी एका टपरीवर चहा पिताना दिसायचं नसतं. आत ती मला मावशी म्हणते. हातांना टेप गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "मावशी, माझं काय चुकतंय? काल बसमध्ये एक आजोबा म्हणाले, म्हातारीचा पाय मोडतेस, लाज नाही वाटत? मी हसले तर जास्तच चिडले." तिचा आवाज सरळ होता, पण टेप तिसऱ्यांदा त्याच बोटाला गुंडाळत होती. मला ठाऊक होतं काय होणार. शनिवार फसला की मालक म्हणणार पोरीत दम नाही. खांदेवाली देखणी परत येणार आणि ही पुन्हा कपाटं वाहायला लागणार. मी म्हणाले, "तुझं काही चुकत नाही. उद्या कान माझ्या तोंडाशी ठेव." एवढंच म्हणाले. उद्या त्या कानात काय सांगणार हे मलाच माहीत नव्हतं, आणि असं माझं कधी होत नाही.

शनिवारी दुपारी चार वाजता मी पडद्यातून बाहेर आले आणि हॉल उभा राहिला. अठरा वर्षं मी त्या पडद्यातून भिंतीवर डोकं आपटावं तशी आवाजात शिरले आहे. मला ती भिंत हवी असते, तिच्यावर मी उभी राहते. आज भिंत नव्हतीच. टाळ्या होत्या. बायका रेलिंगवरून हात पुढं करत होत्या, एकीनं माझ्या झग्याची बाही नुसती शिवली. पडद्यापासून रिंगपर्यंत साठ पावलं आहेत. ती मी लंगडत चालले आणि प्रत्येक पावलाला कुणीतरी "सावकाश" म्हणत होतं. गोड होतं ते, खोटं कशाला बोलू? लहानपणी ताप आल्यावर सगळं घर हळू बोलायचं, तसं. तिसऱ्या रांगेत ताई तिच्या ठेवणीतल्या कपड्यात बसली होती, आणि शेजारची अनोळखी बाई तिच्या पाठीवर हात फिरवत होती.

पोरगी आली तेव्हा नुसता कोमट आवाज झाला. कोपऱ्यातून कुणी हुर्यो केली. ती बिचारी नेमानं सगळं करत गेली. दोरावरून आली, मला खांद्यावर घेतलं, टाकलं, सगळं चोख, आणि हॉल बंद पडलेल्या घड्याळासारखा गप्प. मग ठरल्याप्रमाणे तिनं माझा उजवा पाय धरला. नी-कॅपला हात लागला मात्र, तीन हजार माणसं एकदम ओरडली, "सोड तिला!" पोरगीची पकड ढिली पडली. तिचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होता आणि त्यावर मी पहिल्यांदा भीती पाहिली. सातदा आपटल्यावरही पाहिली नव्हती. "मावशी, काय करू?" ती ओठ न हलवता म्हणाली. मी जमिनीवरून मान वळवली. दोरांच्या मधून ताई दिसली. रडत होती आणि हसत होती, कारण तिच्या चारी बाजूंना माणसं तिच्या बहिणीसाठी उभी होती. मला नुसतं पडून राहायचं होतं. चार टाळ्या, फुलं, घर. माझ्या वाटणीचं होतं ते, मी मिळवलेलं होतं. पण अशी कीव घेऊन घरी गेले असते तर अठरा वर्षांची सासू रिंगमध्येच मेली असती, आणि मरताना या मुलीलाही घेऊन गेली असती. आणि मला राग आला. लोकांचा नाही, माझाच. इतकी वर्षं चोख काम केलेली बाई शेवटच्या दिवशी पाट्या टाकते म्हणजे काय?

"पाय सोड," मी तिच्या कानात म्हणाले, "मला उठव, आणि माझ्याकडे पाठ करून लोकांची माफी माग."

तिनं सोडलं. हात देऊन उठवलं. हॉलनं सुस्कारा टाकला, टाळ्या वाजल्या, तिनं पाठ वळवून हात जोडले. मी वाकून नी-कॅपचे बंद सोडले, एक, दोन, तीन, आणि ती हातात घेतली. मग डावा पाय उचलला. उजव्या, खरोखर गेलेल्या पायावर मी एकटीच उभी राहिले, आणि त्याच पायावर दोनदा टुणकन उडी मारली. गुडघ्यात कुणी तापलेली सळई फिरवावी तसं झालं. माझ्या डोळ्यांपुढं काळं आलं. त्या काळ्यातच मी डावी भुवई वर केली आणि हॉलकडे बघून हसले. सेकंदभर तीन हजार माणसांचा श्वास ऐकू आला. हा सेकंद मी ओळखते, त्यात लोक स्वतःला मूर्ख समजत असतात. मग मी नी-कॅप उगारली आणि पोरगीच्या पाठीत, दोन खांद्यांच्या मधोमध, जिथं आवाज मोठा होतो आणि इजा होत नाही तिथं, सपाट हाणली. ती पडली. मी बोटानं डोळ्यांतलं खोटं पाणी टिपून दाखवलं: तीन महिने रडलात ना? आणि रिंगभर नाचले.

काय आवाज झाला! मला वाटतं छपराला बसला असेल. अशी शिव्यांची लाखोली माझ्या उमेदीतही मला कुणी वाहिली नव्हती. फुलांचा गुच्छ कुठूनसा येऊन माझ्या डोक्यावर फुटला. आणि त्या सगळ्याच्या तळातून, मागच्या रांगेतून नव्हे, सगळ्या रांगांतून, "ऊठ गं पोरी!" बाकं वाजली, पाय वाजले. ती मांडीवर हात दाबून उठली, आणि ती उठली तसा अख्खा हॉल तिच्याबरोबर उठला. मी तिला कानात काही सांगितलं नाही. आता सांगायला काही उरलं नव्हतं, तिनं मला स्वतःच्या हिशोबानं उचललं, कपाट उचलतात तसं, आणि टाकलं. पाठ खरीच आपटली. पंचानं जमिनीवर तीनदा हात मारला, पण आकडे ऐकूच आले नाहीत. पडल्या पडल्या मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. किताबाचा पट्टा खांद्यावर टाकून ती लोकांकडे बघत होती आणि लोक तिच्याकडे, आणि त्या दोघांच्या मध्ये माझं काही काम नव्हतं. झालं. स्टार अशी होते. मालकांना समजावून सांगायला मी सोमवारपासून मोकळी होते.

आता फक्त साठ पावलं राहिली होती. लंगडण्याची सोय मी स्वतःच मोडून टाकली होती. एक पाऊल वाकडं पडलं असतं तर मागं जे चाललं होतं ते सगळं फसलं असतं. मी झगा उचलला, मान वर केली आणि चालायला लागले. रिकामे ग्लास येत होते, कागद येत होते. मघाशी बाही शिवलेली बाई हातवारे करून थुंकत होती. प्रत्येक उजव्या पावलाला दातांत कळ जात होती आणि मी हसत होते. निम्म्यात आले आणि ताई दिसली. रांग सोडून रेलिंगपर्यंत आली होती. तिला काय वाटलं असेल, तीन महिने आपण खोटा गुडघा शेकला? तिचा चेहरा लाल झाला होता. गळ्याच्या शिरा ताणून ती ओरडत होती, माझी ताई. "फसवी मेली! नाटकी!" आणि शेजारणीला कोपरानं ढोसून म्हणत होती, "बघा, बघा कशी टुणटुणीत चाललीय! काही झालेलं नव्हतं हो तिला, मी सांगते ना, काही म्हणजे काही झालेलं नव्हतं!" शेजारीण मुठी आवळून पुढं सरसावली. ताई मात्र माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती. ती माझ्या गुडघ्याकडे बघत होती, डोळ्यांत पाणी आणून, एकेक पाऊल मोजत, आणि दर उजव्या पावलाला तिचा हात रेलिंगवर घट्ट आवळला जात होता. ओरडणं तिनं थांबवलं नाही. उरलेली तीस पावलं मी सरळ चालले.